ऑपरेशननंतर पेशंटला तहान लागते, पण पाणी द्यायचं नसतं. तेव्हा काय करता?

निशिगंध:
आईचं आतड्याचं मोठं ऑपरेशन परवा झालं. ऑपरेशन नीट पार पडलं, दुखणंही औषधांनी बरंच आटोक्यात आहे. पण तहान! शुद्धीवर आल्यापासून तिचं एकच मागणं आहे, पाणी. जीभ टाळूला चिकटते, बोलताना शब्द अडकतात, ओठांना चिरा पडल्यात. सर्जननी तोंडाने काही द्यायचं नाही असं सांगितलंय. नाकातून नळी आहे, सलाईन चालू आहे. सिस्टरना विचारलं तर "नाही म्हणजे नाही". मामा म्हणतो, चमचाभर पाण्याने काय होतंय, दे. बहीण म्हणते, अजिबात नको.

मला धोका पत्करायचा नाही, पण नुसतं "थोडं थांब गं" म्हणत तिच्या उशाशी बसून राहणंही होत नाही. पाणी न पाजता तहान कमी करता येते का? सलाईनमधून एवढं पाणी जात असताना तहान लागतेच कशी? आणि तोंडाची स्वच्छता या दिवसांत खरंच एवढी महत्त्वाची असते का, की घरी गेल्यावर बघितलं तरी चालतं? ज्यांनी हे स्वतः भोगलंय किंवा पेशंटपाशी बसून काढलंय त्यांनी लिहा. इथे डॉक्टर आणि नर्स मंडळी आहेत, त्यांनी तर लिहाच.

काजवा:
माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हाची टाक्यांची कळ आज आठवत नाही, पण तहान आठवते. वॉर्डच्या टोकाला कुणीतरी बेसिनचा नळ सोडला की तो बंद होईपर्यंत माझे कान तिकडे असायचे. शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ बाटलीचं झाकण उघडायचे, त्या आवाजानेही जीव कासावीस व्हायचा.

शेवटी एका सिस्टरने गॉजचा तुकडा गार पाण्यात बुडवला, घट्ट पिळला आणि माझ्या जिभेवर ठेवला. एक थेंब गिळण्याइतकंही पाणी त्यात नव्हतं. तरी मी पाचएक मिनिटांत झोपलो. निशिगंध, विचारून हा उपाय करून बघा.

टिपकागद:
आम्ही काकांना दोन घोट पाजले होते. काही झालं नाही. डॉक्टर लोक जरा जास्तच घाबरवतात. तहानलेल्याला पाणी नाकारणं माझ्या मनाला पटत नाही.

उंबरठा:
+१ काजवा. तहान हीच सर्वांत वाईट आठवण. आणि विचारणारं कुणी नसतं. "दुखतंय का?" दर थोड्या वेळाने विचारतात, "तहान लागलीय का?" असं मला एकदाही कुणी विचारलं नाही.

रात्रपाळी:
मी सर्जरी वॉर्डात नर्स आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टिपकागद, तुमच्या काकांना काही झालं नाही हे चांगलंच झालं, पण हा सल्ला कृपया दुसऱ्यांना देऊ नका. भुलीचा आणि दुखणं थांबवणाऱ्या औषधांचा अंमल असताना माणूस बोलतो, हसतो, पण त्याचा ठसका पुरता परतलेला नसतो. पाणी चुकीच्या वाटेने गेलं तर ते बाहेर फेकणारा खोकला हवा असतो आणि पोटावर टाके असलेला माणूस खोकायला घाबरतो. उलटी झाली तर तीच अडचण. शिवाय निशिगंधच्या आईंना नाकातून नळी आहे. वरून पाणी पाजत राहिलं की ते नळीवाटे परत येतं आणि येताना जठरातले क्षार घेऊन येतं. पाजणाऱ्याला वाटतं पाणी पोटात गेलं, पेशंटचं मात्र नुकसान होत असतं.

आता दुसरी बाजू. "नाही म्हणजे नाही" एवढं सांगून निघून जाणं हे आम्हा नर्सेसचं चुकतं. पिणं बंद असलं म्हणजे तोंड कोरडंच ठेवायचं असा त्याचा अर्थ नाही. म्हणून निशिगंध, सिस्टरना "पाणी देऊ का?" असं विचारूच नका. तीन वेगळे प्रश्न विचारा: तोंड आतून ओलं करू का? चूळ भरून थुंकलेली चालेल का? बर्फाचा छोटा तुकडा चालेल का? पहिल्याला बहुतेक वेळा "हो" मिळतं. दुसऱ्याला पेशंट नीट जागा असेल तर मिळतं. तिसऱ्याचं उत्तर ऑपरेशनवर आणि सर्जनवर अवलंबून असतं, कारण बर्फ म्हणजे शेवटी पाणीच. कपभर बर्फाचे तुकडे वितळले की साधारण अर्धा कप पाणी होतं आणि ते पेशंटच्या पाण्याच्या हिशोबात धरावं लागतं.

आता मी काय करते ते सांगते. आधी पेशंट पूर्ण जागा आहे ना, हाकेला ओ देतो ना, खोकून दाखवतो ना, थुंकी गिळतो ना आणि मळमळ नाही ना, हे बघते. यातली एक जरी गोष्ट जमत नसेल तर फक्त ओठ. सगळं असेल तर डोक्याकडची बाजू वर करते आणि स्वच्छ गार पाण्याच्या छोट्या स्प्रेने जिभेवर एक-दोन फवारे, दोन्ही गालांच्या आतून एकेक. घशाकडे मारायचं नाही. मग ओला करून पिळलेला गॉज टाळूवरून, हिरड्यांवरून, जिभेवरून हलक्या हाताने फिरवते. शेवटी ओठांना मलम. पुन्हा कोरडं पडायला वेळ लागत नाही, म्हणून हे एकदाच करून भागत नाही. नातेवाईक जवळ असतील तर मी त्यांना शिकवते, कारण माझ्याकडे बरेच पेशंट असतात आणि तुमच्याकडे एकच.

सुतरफेणी:
तीन प्रश्नांची युक्ती फार आवडली. धाग्याची वाचनखूण साठवली.

भूलवाली:
भूलतज्ज्ञ आहे. रात्रपाळी यांच्याशी पूर्ण सहमत. निशिगंधचा सलाईनचा प्रश्न मला पेशंटचे नातेवाईक नेहमी विचारतात, म्हणून तेवढं लिहिते.

तहान दोन ठिकाणी लागते. एक मेंदूत. रक्तातलं क्षारांचं प्रमाण एक-दोन टक्के जरी वाढलं तरी मेंदूतल्या पेशींना ते कळतं आणि तहान सुरू होते. रक्तस्राव किंवा शरीरातलं पाणी कमी होणं यानेही ती लागते. दुसरी तहान तोंडाची. ऑपरेशनच्या वेळी देतात त्यातली अॅट्रोपीन, ग्लायकोपायरोलेट ही औषधं लाळ आटवतात. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांनीही तोंड कोरडं पडतं. वर मास्कमधला कोरडा ऑक्सिजन, नाकात नळी असल्यामुळे उघड्या तोंडाने चाललेला श्वास, आणि काही खात नसल्यामुळे न सुटणारी लाळ. निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, तीच कमी झाली तर तोंडाचं काय होईल बघा.

सलाईन शिरेत जातं, तोंडात नाही. नेहमीचं ०.९ टक्क्यांचं सलाईन हे क्षारांच्या बाबतीत जवळपास रक्ताइतकंच असतं, त्यामुळे त्याने रक्तदाब आणि लघवी सांभाळली जाते, पण मेंदूच्या तहानेवर त्याचा फारसा उतारा पडत नाही. आपण पाणी पितो तेव्हा ते रक्तात पोहोचायला काही मिनिटं लागतात, तरी तहान पहिल्या घोटांतच शमते. कारण तोंडाकडून आणि घशाकडून मेंदूला आधीच निरोप गेलेला असतो. गार पाण्याने तो निरोप जास्त जोरात जातो. म्हणूनच काजवा यांना पिळलेल्या गॉजने झोप लागली. तो मनाचा खेळ नव्हता, मेंदूला खरोखरच निरोप मिळाला होता.

पुदिन्यातल्या मेन्थॉलने गार वाटतं ना, तेही त्याच थंडी ओळखणाऱ्या संवेदकांमुळे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटना गार निर्जंतुक पाण्याचा फवारा, तोंड पुसण्याचे ओले बोळे आणि मेन्थॉलचं ओठांचं मलम असा एकत्र उपाय दिला, तर तहानेची तीव्रता आणि तिचा त्रास दोन्ही कमी झाले. ब्राझीलच्या लोंद्रिना राज्य विद्यापीठातल्या परिचारिका तर भुलीतून बाहेर येणाऱ्या पेशंटच्या तहानेवर वर्षानुवर्षं काम करताहेत. शुद्ध किती आहे, खोकता-गिळता येतं का, मळमळ-उलटी आहे का, हे तपासून मगच मेन्थॉलचा छोटा बर्फ द्यायचा, अशी त्यांची पद्धत आहे. रात्रपाळी यांनी लिहिलेली तपासणी हुबेहूब तीच.

आडवाटेचा:
भूलवाली, मग ऑपरेशनच्या आदल्या रात्री बारापासून पाणी बंद कशाला करतात? माझं ऑपरेशन दुपारी होतं आणि तेही पुढे ढकललं. तहान तिथूनच सुरू झाली होती. उगाच छळ.

भूलवाली:
छळ खराच आणि बऱ्याच वेळा अनावश्यक. या नियमाला पाठबळ मिळालं ते १९४६ साली. अमेरिकेत मेंडेलसन नावाच्या डॉक्टरांनी बाळंतपणाच्या वेळी भूल दिलेल्या बायकांच्या पोटातलं फुप्फुसात गेल्याची ६६ उदाहरणं मांडली. भीती खरी होती. पण पुढे अन्नाला आणि पाण्याला एकच नियम लावला गेला. साधं पाणी जठरातून फार लवकर पुढे सरकतं. आता अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनांचे नियम असे आहेत: हलकं खाणं ६ तास आधी बंद, पाण्यासारखे पारदर्शक द्रव २ तास आधीपर्यंत चालतात. आतडं अडलेलं असणं, पोट सावकाश रिकामं होणारा मधुमेह, वजनासाठी किंवा साखरेसाठी घेतलेली काही नवी इंजेक्शनं, तातडीचं ऑपरेशन, इथे हिशोब वेगळा. म्हणून ठरवायचं भूलतज्ज्ञाने, पण पेशंटने विचारायचं मात्र नक्की: "मी पाणी किती वाजेपर्यंत पिऊ?" आणि ऑपरेशन पुढे ढकललं तर पुन्हा विचारायचं.

आडवाटेचा:
हे आधी माहीत असतं तर! धन्यवाद.

पेंगुळलेला:
माझ्या बाजूच्या कॉटवरचे आजोबा सलाईनच्या बाटलीकडे बघून सिस्टरला म्हणाले होते, "ताई, ही बाटली जरा तोंडात उलटी करता येईल का? तिकडे हातात कुणाला तहान लागलीय?" सगळा वॉर्ड टाके धरून हसला. हसताना सगळ्यात जास्त दुखलं ते मला.

खडीसाखर:
पेंगुळलेला, =)) टाके असलेल्यांनी तुमच्या प्रतिसादांपासून लांब राहावं.

दंतकथा:
दातांची डॉक्टर आहे, निशिगंधच्या शेवटच्या प्रश्नावर लिहिते. घरी गेल्यावर बघितलं तर चालतं का? नाही चालत.

लाळ तोंड सतत धूत असते. ती आटली की दातांवरचा चिकट थर वाढतो आणि त्यातले जंतूही बदलतात. आडव्या पडलेल्या माणसाच्या घशातून ही जंतूभरली थुंकी नकळत थोडीथोडी फुप्फुसात उतरते. ऑपरेशननंतरच्या न्यूमोनियाचं हे एक मोठं कारण. म्हणून तोंड घासणं हे छातीचं औषध आहे असं मी म्हणते. बोस्टन मेडिकल सेंटरमध्ये न्यूमोनिया टाळण्यासाठी एक साधा कार्यक्रम आखला होता: खोल श्वासाचे व्यायाम, मुद्दाम खोकणं, उशाकडची बाजू वर, लवकर उठून चालणं, पेशंटला हे सगळं समजावणं, आणि त्यातच दिवसातून दोनदा दात घासणं. यातलं एकही महागडं नाही.

आता घासायचं कसं. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या, त्याचं डोकं छोटं असतं. पेस्ट वाटाण्याहूनही कमी, फेस न होणारी मिळाली तर उत्तम, कारण फेस थुंकता न येणाऱ्याला गुदमरल्यासारखं होतं. ब्रश ओला करून झटकून घ्या. पेशंट बसता किंवा अर्धवट बसता हवा, बसवत नसेल तर कुशीवर, म्हणजे पाणी गालाकडे येतं, घशाकडे जात नाही. खालचे दात, वरचे दात, आतली बाजू, मग जीभ मागून पुढे. फार मागे गेलात तर उबळ येईल. थुंकता येत नसेल तर सिस्टर सक्शनच्या नळीने ओढून घेतील, त्यांना आधी सांगा. आणि बोळा फिरवला म्हणजे दात घासले असं समजू नका. बोळ्याने ओलावा मिळतो, थर निघतो तो ब्रशनेच.

कवळी असेल तर ती काढून ब्रशने धुवा, हिरड्या वेगळ्या पुसा आणि रात्री कवळी पाण्यात ठेवा. जेवण नाही म्हणून कवळी डबीतच राहू दिली तर पेशंटला बोलता येत नाही, चेहरा बसलेला दिसतो, त्याचंही मन खचतं. पूर्ण शुद्ध आली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की लगेच परत द्या. आणि डबीवर नाव लिहा!

सुतरफेणी:
नाव लिहा याला शंभर वेळा अनुमोदन. आजीची कवळी चादरीच्या घडीत सापडली होती, तीही धुलाईला जायच्या जरा आधी.

टिपकागद:
दंतकथा, मग ते निळं-गुलाबी माउथवॉश? आम्हाला क्लोरहेक्सिडिन लिहून दिलं होतं. आणि लिंबू-ग्लिसरीनचे बोळे पण मिळायचे.

दंतकथा:
लिंबू-ग्लिसरीन नको. लिंबाच्या आम्लाने दातांचं वरचं कवच झिजतं, आणि लाळ नसलेल्या तोंडात ते धुऊन निघत नाही. ग्लिसरीन पहिल्यांदा ओलं वाटतं, मग उलट ओलावा ओढून घेतं. थोड्या वेळाने तोंड आधीपेक्षा कोरडं.

क्लोरहेक्सिडिनबद्दल मत बदलत गेलंय. पूर्वी व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येकाला सर्रास वापरायचे. २०२२ च्या अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांनी व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी रोज ब्रश करा असं सांगितलं आणि क्लोरहेक्सिडिन सरसकट वापरू नका असंही सांगितलं. हृदयाच्या किंवा तोंडाच्या काही ऑपरेशनना डॉक्टर अजूनही मुद्दाम लिहून देतात, तेव्हा ते जरूर वापरा. पण पेस्टने घासल्यावर लगेच नको, अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या घटकांनी त्याचा परिणाम कमी होतो. दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते, त्याने घाबरू नका, ते जातं. स्पिरिट असलेले बाजारी माउथवॉश मात्र कोरड्या तोंडाला झोंबतात आणि अजून कोरडं करतात. साधं पाणी, मिठाचं पाणी, किंवा डॉक्टरांनी सांगितलं तर खाण्याच्या सोड्याचं पाणी, तेवढं पुरतं.

रात्रपाळी:
काडीला स्पंज असलेले बोळे वापरत असाल तर प्रत्येक वेळी स्पंज ओढून बघा घट्ट आहे का. पेशंटने चावला आणि स्पंज सुटून घशात गेला असं झालेलं आहे. भिजत ठेवायचे नाहीत, वापरला की फेकायचा. आणि पेशंट गोंधळलेला असेल तर स्वतःचं बोट दातांमध्ये घालू नका.

निळीशाई:
मी व्हेंटिलेटरवर होते. तोंडात नळी, हात बांधलेले, बोलता येत नाही. मला पाणी हवंय हे मी डोळ्यांनी सांगायचे आणि सगळ्यांना वाटायचं दुखतंय, मग वेदनेचं औषध वाढायचं, आणि त्याने तोंड अजून कोरडं.

एका फिजिओथेरपिस्टने कागदावर चित्रं काढून आणली: ग्लास, इंजेक्शन, पंखा, चादर. मी ग्लासवर बोट ठेवलं. तिने सिस्टरना बोलावून माझ्या ओठांच्या कडेने गार फवारा मारायला सांगितलं. मी रडले. जे कुणी आयसीयूत भेटायला जाताय त्यांनी विचारायचं एवढंच, "तहान लागलीय का? हो असेल तर डोळे मिटा."

उंबरठा:
निळीशाई, वाचून गलबलून आलं. ही चित्रं मी आजच काढून ठेवतो.

कोरडवाहू:
मी जरा वेगळं सांगतो. मला हृदयाचा त्रास आहे, बायपासनंतर पाण्यावर मर्यादा आली. मला पाणी बंद नाही, मोजून आहे, आणि हे रोजचंच आहे. रोजचा कोटा एका बाटलीत सकाळी भरून ठेवतो, म्हणजे किती उरलंय ते दिसतं. छोट्या कपात घेतो. गोळ्यांना लागणारं पाणी त्यातूनच. बिनसाखरेचं च्युइंगम चघळतो, त्याने लाळ सुटते. जेवणात मीठ कमी केलं तेव्हा तहान खरी कमी झाली. चूळ भरून थुंकायला कुणाची बंदी नाही, ती मनसोक्त भरतो.

खडीसाखर:
च्युइंगम आतड्याच्या ऑपरेशननंतर पण देतात असं ऐकलंय. खरं का?

भूलवाली:
हो. चघळलं की शरीराला वाटतं खाणं सुरू झालं, लाळ आणि पाचकरस सुटतात, आतड्यांची हालचाल जागी होते. सिझेरियननंतर चघळल्याने गॅस लवकर सरतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण पेशंट पूर्ण जागा हवा, दात धड हवेत, गिळणं नीट हवं आणि सर्जनने हो म्हणायला हवं.

तसंही आतड्याचं ऑपरेशन म्हणजे बरेच दिवस पूर्ण उपास ही पद्धत आता मागे पडतेय. डेन्मार्कच्या केलेट या सर्जननी १९९० च्या दशकात लवकर बरं होण्याचा जो मार्ग आखला, त्यात नळ्या कमी, चालणं लवकर आणि तोंडाने पिणंही लवकर. आता अनेक ठिकाणी ऑपरेशनच्या दिवशीच घोट-घोट पाणी सुरू करतात. निशिगंधच्या आईंना नळी ठेवली आहे म्हणजे सर्जनना काही कारण दिसलं असणार. ते कारण विचारा, आणि पाणी कशावर सुरू होईल हेही विचारा. गॅस सरल्यावर? नळीतून येणारं कमी झाल्यावर? पेशंटला "उद्या बघू" पेक्षा "हे झालं की देणार" असं सांगितलं तर धीर धरवतो.

पेंगुळलेला:
म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच घरच्यांनी गॅससाठी टाळ्या वाजवल्या, त्यामागे शास्त्र होतं तर!

काजवा:
माझ्या वेळी तर फोन करून नातेवाइकांना कळवलं होतं.

चिमणचारा:
अवांतर होईल, पण मुलांचं कुणी लिहिलं नाही. लेकीचे टॉन्सिल काढले. तिथे उलटं, डॉक्टर म्हणत होते भरपूर पाजा आणि ती दुखतंय म्हणून तोंड मिटून बसलेली. वेदनेचं औषध दिल्यावर अर्ध्या तासाने पाजायचं, त्या वेळात ती पिते, हे आम्हाला नर्सने दाखवलं. आणि थुंकी लाल दिसली किंवा झोपेत सारखं काही गिळतेय असं वाटलं तर लगेच या, असं बजावलं होतं.

रात्रपाळी:
चिमणचारा, अवांतर अजिबात नाही. टॉन्सिलनंतर पाणी न पिणारं मूल जास्त दुखणं सोसतं. आणि झोपेत सारखं गिळणं म्हणजे रक्त गिळणं असू शकतं, ही खूण सगळ्या आईवडिलांना माहीत हवी.

यावरून महत्त्वाचं आठवलं. तहान ही प्रत्येक वेळी कोरड्या तोंडाचीच असते असं नाही. पेशंट अचानक खूप तहान लागलीय म्हणू लागला, सोबत नाडी जलद, अंग गार आणि घामेजलेलं, अस्वस्थपणा, लघवी कमी, तर आतून रक्तस्राव असू शकतो. फवारा बाजूला ठेवा आणि बेल दाबा. मधुमेह्याला तहान आणि लघवी दोन्ही वाढली तर साखर तपासायला सांगा. जीभ किंवा गालावर पांढरे डाग दिसले आणि पुसल्यावर खाली लालसर झालं तर ती बुरशी असू शकते. अँटिबायोटिक चालू असताना होते, औषधाने जाते.

आडवाटेचा:
मग परवानगी मिळाल्यावर तरी पोटभर पिऊ द्यायचं ना?

भूलवाली:
लगेच पोटभर नाही. ऑपरेशनच्या ताणाने शरीर पाणी धरून ठेवतं, लघवीवाटे सोडत नाही. अशा वेळी नुसतं पाणी भराभर प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं. डोकं दुखतं, गोंधळायला होतं, क्वचित झटके येतात. शिवाय पोट फुगून उलटी होते ती वेगळी. घोट घोट, मध्ये थांबून, बसून. मळमळ नसेल तर वाढवायचं.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळच्या सिस्टरना रात्रपाळी यांनी सांगितलेले तिन्ही प्रश्न विचारले. तोंड ओलं करायला हो, चूळ भरून थुंकायला हो, बर्फाला सर्जनना विचारून सांगते म्हणाल्या आणि खरंच विचारून आल्या. सध्या बर्फ नाही. फवारा त्यांनीच करून दाखवला. आई पहिल्या फवाऱ्यानंतर "अजून" म्हणाली, आणि मग जीभ ओठांवरून फिरवत बराच वेळ गप्प पडून राहिली. दात मात्र घासू देत नाही, म्हणते मळमळतं. काय करू? आणि ओठांना कुठलं मलम? ऑक्सिजन चालू आहे.

दंतकथा:
पेस्ट सोडून द्या, नुसत्या ओल्या ब्रशने घासा. मळमळ बहुतेक पेस्टच्या वासाने आणि फेसाने येते. आज फक्त पुढचे दात, उद्या मागचे. तिच्या हातात ब्रश द्या, स्वतःच्या हाताने घासताना उबळ कमी येते. मळमळीचं औषध चालू असेल तर त्यानंतरची वेळ धरा.

रात्रपाळी:
ऑक्सिजन चालू असेपर्यंत पेट्रोलियम जेलीसारखं तेलकट काही नको, ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतो म्हणून. पाण्यात विरघळणारं जेल मिळतं, ते वॉर्डात मागा. ओठ आधी ओले करून पुसा, पापुद्रे ओढू नका, मग जेल. आणि ऑक्सिजन दमट करून देता येईल का तेही विचारा, काही ठिकाणी तशी सोय असते. तिला मळमळत असताना मात्र चूळ नको, फक्त ओठ. रात्री तुम्ही झोपणार असाल तर रात्रीच्या सिस्टरना सांगून झोपा, "आईला तहान लागते, फवारा टेबलावर आहे, सर्जनची परवानगी आहे." कागदावर लिहून कॉटला चिकटवलंत तर अजून बरं, कारण ड्यूटी बदलली की निरोप गळतो.

निशिगंध:
कागद लावला. रात्रीच्या सिस्टरनी वाचून खाली वेळा मांडायला रकाना पण आखून दिलाय.